वरातीचं टोचन

पाठवणीच्या वेळी रडायचं हे मी आधीपासून ठरवून ठेवलं होतं, त्यामुळे रडले अगदी व्यवस्थित. आईच्या गळ्यात पडून रडले, मावशीच्या, शेजारच्या काकूंच्या आणि घाईगडबडीत हॉलच्या मॅनेजरबाईंच्याही. फक्त बाबा सापडले नाहीत. कोणी म्हणालं, आचाऱ्याची भांडी परत द्यायला गेलेत. कोणी म्हणालं, जनरेटरवाल्याशी बोलतायत. मुलगी सासरी निघाली आणि बापाला पातेल्यांची पडलीय, असं मनात आलं आणि माझं रडणं जागच्या जागी आटलं. टेंभी नाक्यावरून गाडी सुटली तेव्हा मी अन्नपूर्णेची वाटी मांडीवर घेऊन गाल फुगवून बसले होते. त्यांचा निरोप न घेताच मी निघाले होते आणि ते मला सहन होत नव्हतं.

गाडी नवऱ्याची, सेकंडहँड पण लाडकी. तिच्या स्टेअरिंगला तो दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही, म्हणून फेटा बांधलेला नवरदेव स्वतःच चालवत होता. मागच्या सीटवर त्याची आत्या. वऱ्हाडाची बस केव्हाच पुढे गेली होती. गाडी सजवताना मित्रांनी हात आखडता घेतला नव्हता. बॉनेटपासून बंपरपर्यंत झेंडूची जाड चादर, समोरच्या जाळीतून वारा शिरायला बोटभर फट नाही. माजिवडा ओलांडलं आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. नवऱ्याने कशीबशी गाडी कठड्याला लावली, इंजिन बंद पडलं आणि गाडीभर शिजलेल्या झेंडूचा वास पसरला.

आता डोंबिवलीला कोपरपर्यंत जायचं कसं, यावर तिघांची सभा बसली. मी म्हटलं, रिक्षा करू.

"वरातीतली नवरी वाटेत उतरत नाही," आत्या म्हणाल्या. "उतरली की वरात मोडली."

हा नियम मी पहिल्यांदाच ऐकत होते. नवऱ्याचा चेहरा पाहता त्यानेही. पण पहिल्याच दिवशी वाद नको म्हणून मी गप्प राहिले. हा गुण माझ्यात तासभर टिकतो.

जाता जाता एक क्रेन थांबली. क्रेनवाल्याने गाडीभोवती फेरी मारली. "पुढून घुसायला जागा नाही साहेब. मागची चाकं उचलतो. गाडी उलटी जाईल, पण जाईल."

"नवी नवरी सासरी पाठमोरी आणायची?" आत्यांनी काच खाली करून विचारलं. "बघणाऱ्याला कळायचं कसं, लक्ष्मी येतेय की निघालीय?"

क्रेनवाल्याने क्षणभर विचार केला, "मावशींचं बरोबर आहे," म्हणाला आणि चक्क निघून गेला.

मग अख्खी गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक. नवऱ्याने नंबर शोधून फोन लावला. तो माणूस घोडबंदरला अडकलेला, दोन तास तरी लागतील म्हणाला. आत्यांनी तोही निकालात काढला. "ट्रकवर बसवून गणपती नेतात. तोही बुडवायला."

राहता राहिला दोर. दोराला ओढणारी गाडी हवी आणि ती चालवणारा सबुरीचा माणूस. नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "तुझ्या बाबांना बोलवू?"

"ते भांडी मोजतायत," मी म्हटलं.

"आणि मुलीचा बाप वरातीच्या मागून येत नाही," आत्या म्हणाल्या.

"मागून कुठे, आत्या? ते पुढे असणार."

आत्या विचारात पडल्या. बापाने पुढे असण्याबद्दल कुठलाच नियम नव्हता. त्यांच्या तोंडून होकार येण्याआधीच नवऱ्याने फोन लावला.

बाबा इतक्या लवकर आले की आधीपासून गाडीत बसून होते की काय अशी शंका यावी. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ बंपरपाशी उकिडवे बसले, झेंडू ओरबाडून बाजूला केला, हूक पिळून बसवला आणि टोचनचा पट्टा बांधला.

"जावईबापू, इंजिन बंद म्हणजे ब्रेक दगडासारखा लागणार. स्टेअरिंगही जड. चावी फिरवलेलीच ठेवा, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल. पट्टा सैल पडू द्यायचा नाही. मी थांबायच्या आधी फोनवर सांगत जाईन."

नवऱ्याचे दोन्ही हात स्टेअरिंगला. आत्यांचा फोनवर विश्वास नाही. तेव्हा फोन माझ्या हातात आला, स्पीकरवर.

"त्यांना सांग, निघतोय."

"निघतायत."

"हळू म्हणावं. ब्रेक."

"ब्रेक," मी म्हटलं. नवऱ्याने फेटा सावरायचा सोडून दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. बाजूने जाणारा एक बाईकवाला ओरडला, "भावा, आजपासूनच सासऱ्याच्या दोरीला?" आत्या हसल्या आणि लगेच खोकल्या.

माणकोलीच्या पुलावर रस्ता जरा मोकळा मिळाला. फोनमधून बाबांचा आवाज आला, "जेवलीस का?"

"नाही."

"का?"

"भूक नव्हती."

"श्रीखंड चांगलं होतं. डावीकडे खड्डा आहे, सांग त्यांना."

"सांगितलं. बाबा, तुम्ही कुठे होतात?"

खाली खाडी दिसत होती.

"पुढे सिग्नल आहे," बाबा म्हणाले.

"पुलावर सिग्नल नसतो, बाबा."

"मग नसेल."

यानंतर आत्यांनी कुठलाही नियम सांगितला नाही.

कोपरला इमारतीसमोर पोचलो तेव्हा संध्याकाळ झालेली. सासूबाई भाकरतुकडा आणायला वर पळाल्या आणि जाता जाता बाबांना पाणी विचारून गेल्या. मुलीला मूल होईस्तोवर तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्याकडची जुनी रीत. बाबांनी नुसते हात जोडले. पट्टा सोडला, गुंडाळला, नवऱ्याच्या खांद्यावर थोपटलं. माझ्या काचेपाशी येतील असं मला वाटलं. ते गाडीत जाऊन बसले आणि निघाले. वळणापाशी गाडी थांबली. मागचे लाल दिवे दिसत राहिले.

आणि आमच्या गाडीत कोणीतरी रडायला लागलं. आत्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. आवाज माझ्या मांडीवरच्या फोनमधून येत होता. तो बंद करायचं बाबांच्याही लक्षात आलं नव्हतं आणि माझ्याही. माणूस एकटा असताना रडतो तसे बाबा रडत होते, नाक ओढत, मधेच थांबून पुन्हा. माझा राग कुठल्या कुठे गेला आणि ठरवून रडताना आलं नव्हतं तेवढं रडू आलं.

"बाबा," मी म्हटलं.

तिकडे एकदम शांत झालं. मग घसा खाकरल्याचा आवाज.

"हँडब्रेक ओढायला सांग त्यांना. तिथे उतार आहे."

हँडब्रेक कधीच ओढलेला होता. मी फोन नवऱ्याच्या हातापाशी धरला. त्याने हँडब्रेक खाली सोडला आणि पुन्हा वर ओढला, पलीकडे नीट ऐकू जाईल असा करकरत.