त्या सकाळी सूर्य साफ नव्हता

मी नकला करतो, माझ्याजवळ गावातल्या तीसेक लोकांचे आवाज आहेत. हेडमास्तरचा आहे, बसच्या कंडक्टरचा आहे, सरपंचाचा तर दोन तऱ्हेचा आहे — निवडणुकीच्या आधीचा अन् नंतरचा. पण ही गोष्ट मी त्यातल्या एकाही आवाजात कधी कोणाले सांगितली नाही. बायकोलेही नाही. आज तुले सांगून राहिलो, अन् माझ्याच आवाजात सांगून राहिलो. तोच मले नीट येत नाही. अडखळलो तर अडखळलो.

समुद्र मी पाहिला नाही. टीव्हीवर पाहिला, तो काही मोजाचा नाही. आमचा समुद्र म्हणजे चोरखमाऱ्याचा तलाव. आमच्या बाजूच्या काठाले रेतीची एक पट्टी आहे, तिले आम्ही पोट्टे ‘बीच’ म्हणत होतो. दसऱ्याच्या सुमाराले तलाव टम्म भरलेला असते, अन् बीच दोन खाटा टाकता येतील एवढंच उरते. पण तिथून सूर्य निघताना सारा दिसते — पाण्यातून वर येते, मधात झाड नाही, घर नाही. गावातून तसा दिसत नाही. हे ध्यानात ठेव.

तिथं रोज झनकलाल काकाजी बसत. माझे सख्खे नाही, साऱ्या गावाचेच काकाजी. जवानीत त्याच तलावावर पाणी किती चढलं त्याची मोजपट्टी वाचायचं काम केलेला माणूस. दसऱ्यापासून धान कापून होईपर्यंत रोज अंधारातच रेतीवर जाऊन बसायचे, सूर्य वर आला की उठायचे, चौकातल्या चहाटपरीच्या बाकड्यावर यायचे अन् एकच बोल बोलायचे. ‘काप.’ नाहीतर ‘राहू दे.’ बस. मग गाव इळे घेऊन निघे, नाहीतर इळे खुंटीलेच राहत.

तुले वाटेल, एका म्हाताऱ्याच्या बोलावर एवढं? अरे, आमच्याकडं धान कापला म्हणजे घरात आला असं नाही. कापलेला धान तीन-चार दिवस बांधीतच, म्हणजे वावरातच, पसरून वाळू द्यावा लागते. त्याले कडपा म्हणतात. कडपा वाळला की भारे बांधाचे, मग त्यायची गंजी, म्हणजे पुंजणं, रचाचं. कडपा पडलेला असताना पाणी आलं तर गेलं सारं. लोंबीलेच कोंब फुटतात, दाणा काळा पडते. अन् शरदातलं आमचं आभाळ मोठं लबाड. दिवसा निळंशार, सकाळी दव, अंगाले गोड वारा — अन् तिकडं पूर्वेले काय शिजून राहिलं ते कोणाले माहीत? एकट्या काकाजीले.

असं गाव म्हणे. मले मात्र शंका होती.

दोन हजार सहा-सातची गोष्ट असेल. मी बी.ए.ले एकदा नापास, दुसऱ्यांदा व्हायच्या तयारीत. नकला करणाऱ्याची नजर वाईट असते — माणूस काय म्हणते ते तो ऐकत नाही, कुठं खोटा पडते तेच पाहते. मले काकाजी खोटे वाटत. बाकड्यावर बसून डोळे बारीक करणं, ते थांबणं, ते ‘काप’ — हे तर मीही करतो, मी म्हणे. अन् करतही होतो. टपरीवर माझा ‘झनकलाल’ पाहायले लोक चहा थंड करत. मग म्हटलं, चला, एकदा मागं जाऊन पाहू, हा म्हातारा तिथं करते तरी काय.

गेलो. एक दिवस, दोन दिवस, आठ दिवस. ‘काऊन रे बाबू, झोप नाही येत?’ काकाजी म्हणाले. ‘शिकून राहिलो काकाजी,’ मी म्हटलं. खुश झाले. अन् सांगू लागले. सूर्याची कड इळ्यानं कापल्यासारखी धारदार निघाली तर कोरडं. कड पाझरली, मळकट पिवळा निघाला, तर ओल आहे वर. अन् पाण्यावर ढगाचा पट्टा असला, सूर्य त्याच्यावर पाय देऊन पायरीवरून चढल्यासारखा वर आला — तर दोन-तीन दिवसांत पाणी. सांगताना त्यायचा चेहरा सूर्याकडं असे. पण मग मलेच विचारत, ‘कसा निघाला आज?’

मले वाटलं, परीक्षा घेऊन राहिले. मी सांगे — ‘साफ काकाजी, लालबुंद.’ ते मान हलवत.

नवव्या का दहाव्या दिवशी मी म्हटलं, ‘काकाजी, तो बगळा पाहा ना, कसा एका पायावर उभा आहे.’ बगळा नव्हता. काहीच नव्हतं तिथं, नुसतं पाणी. काकाजी म्हणाले, ‘हो हो. पाहिला. मासोळी पकडून राहिला.’

समजलं ना?

त्यायले दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. उजेड-अंधार तेवढा समजे, पायाखालची वाट पाठ होती. आधीची दोन-तीन वर्षं अंदाजानं भागवलं असेल. वारा, दव, वास, नशीब. अन् आता मी. मी जे सांगे तेच टपरीवर ‘काप’ होऊन निघे. त्यायले माहीत होतं का, मले कळलं म्हणून? मले वाटते माहीत होतं. त्या दिवसापासून म्हणायले लागले, ‘उद्या येशील ना बाबू?’ अन् आवाज असा — मी त्या आवाजाची नक्कल आजपर्यंत केली नाही. एवढी एकच नाही केली.

इथपर्यंत ऐकून तुले वाटेल, बरं झालं, म्हाताऱ्याले डोळे मिळाले, पोट्ट्याले काम मिळालं. होय ना? मलेही चार-पाच दिवस तसंच वाटलं. पण शंका मेली नव्हती. तिनं दुसरीकडून तोंड काढलं. म्हटलं — हा माणूस स्वतःच्या डोक्यानं काही ओळखते का, का नुसतं माझंच तोंड वाजवते? माझंच वाजवत असेल, तर गावाचा काकाजी कोण? तो का मी?

सांगतो. थांब.

त्या सकाळी रेती कोरडी होती. रोज दवानं ओली राहत होती, पावलं उमटत होती. त्या दिवशी पाऊल धरतच नव्हती. वारा समोरून, पाण्यावरून येऊन राहिला होता, थोडासा कोमट. डोक्यावर आभाळ साफ. पण समोर पाण्याले टेकून एक लांब राखाडी पट्टा. अन् सूर्य निघाला तो त्याच पट्ट्याच्या वरून, मळकट, फुटलेल्या अंड्यासारखा, कड पाझरत. पायरीवरून. जसं शिकवलं होतं अगदी तसा.

‘कसा निघाला?’

‘साफ,’ मी म्हटलं. ‘एकदम साफ काकाजी. लाल.’

त्यायनं गाल वाऱ्याकडं केला. मग म्हणाले, ‘वारा तर पुरवाई वाटून राहिला.’ पुरवाई म्हणजे पूर्वेचा वारा, आश्विनात तो आला की पाणीच. मी म्हटलं, ‘नाही जी, तलावाच्या पाळीवर आपटून फिरून येते.’ ते अनवाणी होते. पाय घासून पाहिला. ‘रेती कोरडी लागते, बाबू.’ मी म्हटलं, ‘काल इथं म्हशी बसल्या होत्या.’

काय बोलून राहिलो होतो मी? म्हशी बसल्या म्हणून दव पडत नाही? कोणीही हसलं असतं. पण काकाजी हसले नाही. त्यायच्या पायानं खरं सांगितलं, अंगानं खरं सांगितलं, अन् त्यायनं माझं ऐकलं. मी पाहत होतो — आता पकडतील, आता म्हणतील, ‘खोटं बोलते बे तू.’ त्याचीच तर वाट पाहून राहिलो होतो. नाही पकडलं. उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला, अन् टपरीवर जाऊन म्हणाले, ‘काप.’

तिथं मी तोंड उघडू शकत होतो. चहा पीत होतो.

पण हेही खरं पाप नाही. ज्याच्याभोवती मी एवढा फिरून राहिलो ते वेगळंच आहे. मी टपरीवरून घरी गेलो. बाबा इळ्याले धार लावून राहिले होते. मी ओट्यावर आडवा पडलो, म्हटलं, ‘पोट दुखून राहिलं बाबा. दोन दिवस थांबू ना.’ बाबा म्हणाले, ‘कामाच्या दिवशीच दुखते याचं!’ मायनं ओव्याचं पाणी दिलं. मी ते पिलो. आमच्या घरचा कापणारा मीच — कापणी राहिली.

म्हणजे मले माहीत होतं. मजाक नव्हती ती. मजाक असती तर आमचाही धान कापला असता.

तिसऱ्या दिवशी दुपारी आलं. जोराचं नाही — बारीक झड, दोन दिवस, दोन रात्री. बांधीत कडपे तरंगले. उघडल्यावर पाहिलं तर लोंबीवर पांढरे-हिरवे कोंब, जसे मटकीले येतात. साऱ्या शिवारात आमची एक बांधी उभी होती. वाकलेली, ओली, पण उभी.

मग गावाले शंका आली. आमच्या गावात शंका आली की आधी पानठेल्यावर येते, मग टपरीवर बसते. काकाजीले कोणी फूस लावली? मुद्दाम म्हटलं का? कोणासाठी? अन् खेमराजभाऊ — बाजूच्या बांधीवाला, त्याचा सारा कडपा गेला होता — माझ्याकडं वळला. ‘तुमचाच कसा उभा बे? तू तर रोज बुढ्यासोबत जात होता.’

टपरीवरचे सारे माझ्याकडं पाहून राहिले. अन् मी काय केलं माहीत आहे?

मी नक्कल केली.

उठलो, डोळे बारीक केले, हात कपाळावर घेतला अन् म्हटलं, ‘हो हो, पाहिला. मासोळी पकडून राहिला.’ मग सांगितलं बगळ्याचं. नव्हता म्हणून सांगितलं. म्हटलं, ‘अरे त्यायले दिसतच नाही! आंधळा माणूस सूर्य पाहते, अन् तुम्ही धान कापता!’ लोक आधी हसले. काय हसले! माझी आजवरची सगळ्यात चांगली नक्कल ती. मग हसणं थांबलं, अन् सारे उठून काकाजीच्या घरी गेले. मीही गेलो. मागं राहिलो असतो तर संशय आला असता ना.

काकाजी ओट्यावर होते. खेमराजभाऊनं त्यायच्यासमोर हात धरला. ‘किती बोटं?’

‘तीन,’ काकाजी म्हणाले.

दोन होती. त्यायची सून दारात उभी होती, तिनं पदर तोंडाले लावला. कोणी शिवी दिली नाही, कोणी हात लावला नाही. खेमराजभाऊनं फक्त विचारलं, ‘मग रोज तुम्हाले कोण सांगत होतं, सूर्य कसा निघाला म्हणून? हा?’

मी चार हातांवर उभा होतो. माझा श्वास त्यायले ओळखू आला असेल का? मान थोडी माझ्या बाजूनं वळली. म्हणाले, ‘कोणी नाही. मीच अंदाजानं बोलत होतो. पोट्ट्याले कायले मधात घेता?’

मी काहीच म्हटलं नाही. तीस आवाज असलेला माणूस.

दुसऱ्या दिवसापासून काकाजी तलावावर गेले नाही. अन् पुढच्या दसऱ्याले लोक कोणाकडं आले सांगू? माझ्याकडं. ‘तुमचाच तर वाचला होता, तूच सांग.’ बाबानं साऱ्या गावात छाती काढून सांगितलं होतं, माझ्या पोराले आधीच समजते म्हणून. मी नाही म्हटलं नाही. रोज रेतीवर गेलो, त्याच बाकड्यावर येऊन बसलो, तसेच डोळे बारीक केले. नक्कल आहे हे आता कोणाच्याच ध्यानात येत नव्हतं. एकदाही चुकलो नाही. कसा चुकेन? शिकवणारा पक्का होता.

दोन वर्षांनी तिरोड्याले डोळ्याचं शिबिर लागलं. काकाजीच्या मुलानं त्यायले नेलं, ऑपरेशन झालं. जाड भिंगाचा चष्मा आला. दिसायले लागलं. मले वाटलं आता ते तलावावर जातील, आता माझी जागा सुटेल. लोकांनी म्हटलंही. ते म्हणाले, ‘आता माझा बोल कोणी घेईल का?’ अन् कोणी घेतलाही नसता. हे मीच केलं होतं.

त्या दिवाळीच्या आधी, एका सकाळी, मी बाकड्यावर होतो. दहाबारा जण वाट पाहून राहिले होते. काकाजी आले. मुलगा सोबत होता. लोकांच्या मागं उभे राहिले, जसा कोणीही राहते तसे. चष्म्यातून त्यायचे डोळे फार मोठे दिसत. माझ्या चेहऱ्यावर थांबले. मी किती दिवसांनी त्यायच्या नजरेत आलो असेन?

‘काय म्हणते, बाबू?’ काकाजी म्हणाले. ‘कापू का आज?’

ते विचारत होते का पारखत होते, मले अजून माहीत नाही. त्या दिवशी सूर्य साफच निघाला होता, कड धारदार, रेती दवानं ओली. खरं तेच सांगायचं होतं. तरी मले आवाज सापडेना.

‘कापा,’ मी म्हटलं.

त्यायनं मुलाकडं पाहिलं, अन् दोघं बांधीकडं निघाले.