मानकऱ्यांची नावं आणि निजलेला कॉम्प्युटर

आभाळ गडगडलं की घरातले सगळे प्लग उपटायचे, हा माझा नियम. मी चौथीपर्यंतच शिकलो, पण वीज पडून जळालेला टीव्ही पाहिलाय. त्यामुळे या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

दिवाळीनंतर एका दुपारी सून नव्या कॉम्प्युटरवर जत्रेचं आमंत्रण लिहीत होती. मानकऱ्यांचा क्रम गावात फक्त मला पाठ. तासभर मी एकेक नाव सांगत होतो. आभाळ भरून आलं तशी ती खळ्यात वाळत घातलेले कपडे काढायला धावली. गडगडलं, आणि मी प्लग उपटला. टेबलाखालचा बॅटरीचा डबा बीप बीप करत राहिला आणि जरा वेळाने पडदा काळा झाला.

"मामांनू, प्लग काढल्यात?" कपडे घेऊन आलेल्या सुनेने विचारलं.

"काढलंय! टीव्हीसारखो जळाक होयो होतो?"

बोललो ताठ्यात, पण नजर काळ्या पडद्यावरच होती. सगळं पुसलं असेल आणि पुन्हा सांगताना एक जरी नाव मागेपुढे झालं, तर गावभर रुसवे आणि माझी शोभा.

ती हसली. "आत एक प्रोग्राम गुपचूप पहारो करता. लाईट गेली काय सगळा जपून ठेवता आणि कॉम्प्युटराक निजवता."

"आणि उठवता कोण?"

"तुमीच उठवा."

गडगडाट थांबल्यावर प्लग लावून मी बटण दाबलं. सगळी नावं ओळीने हजर! शेवटचं तेवढं अर्धं होतं. ते मी पुरं सांगितलं, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात.