बिनचावीची ट्रंक

हॅकरांचं शिबिर म्हणजे काय, हे मी बाबांना तीन वेळा समजावून सांगितलं. चेन्नईच्या दक्षिणेला, समुद्राजवळच्या एका नारळाच्या बागेत शे-दीडशे माणसं तंबू ठोकून राहतात, वीज आणि इंटरनेट स्वतःच ओढून आणतात, आणि घरी बनवलेल्या वस्तू एकमेकांना दाखवतात. तिसऱ्यांदा ऐकून बाबा म्हणाले, "म्हणजे घरातली वीज, पंखा, इंटरनेट सोडून जायचं आणि तेच सगळं तिथे उन्हात पुन्हा बसवायचं. बरं."

बाबांचं सगळं आयुष्य इथे चेन्नईतच, रेल्वेच्या कारखान्यात डब्यांना दारं बसवण्यात गेलं. त्यांनी बसवलेलं दार कधी करकरलं नाही, असं तेच सांगतात. माझं काम त्यांच्या लेखी काम नव्हतंच. दिवसभर खुर्चीत बसायचं आणि संध्याकाळी दमलो म्हणायचं, याला ते 'तुमचं ते कम्प्युटरचं' म्हणत. मी बेचाळीस वर्षांची आहे, नुंगंबाक्कमच्या फ्लॅटचं भाडं भरते, माझ्या हाताखाली अकरा माणसं आहेत. तरीही एकदा, एकदाच, त्यांनी माझी एखादी वस्तू हातात घेऊन 'चांगलं झालंय' म्हणावं, एवढ्यासाठी मी ते कुलूप बनवलं. लिहिताना लाज वाटते, पण खरं ते हेच.

जॉर्ज टाउनमधून पत्र्याची ट्रंक आणली. भाव करायला बाबाच आले होते. दुकानदाराशी ते अर्धा तास तमिळमध्ये भांडले आणि निघताना त्याच्याच पैशाने कॉफी प्याले. त्या ट्रंकेला मी आतून विजेवरचं कुलूप बसवलं. ते फोनने उघडायचं. बाहेर चावीचं भोक ठेवलं नाही, कारण शिबिरात कुलपं उघडण्याची हौस असलेल्यांचा एक वेगळा तंबूच असतो आणि त्यांच्यापुढे चावीचं भोक ठेवणं म्हणजे आमंत्रणच. काम पुरं झाल्यावर मी बाबांना हाक मारली. फोन दाखवला, ट्रंक उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. बाबांनी चष्मा लावला, ट्रंकेभोवती एक फेरी मारली, मागच्या बाजूला जरा वाकले आणि म्हणाले, "बरं."

त्यांना घरी एकटं ठेवणं शक्य नव्हतं. त्यांना नाश्त्याआधी, दुपारी आणि रात्री जेवणाआधी इन्सुलिन लागतं आणि आई गेल्यापासून एखादी वेळ चुकवायची त्यांना सवय लागली होती. तेव्हा तेही शिबिराला येणार असं ठरलं. "तिथे शहाळी तरी मिळतील," एवढीच त्यांची प्रतिक्रिया.

तयारी मी शास्त्रशुद्ध केली. यादी केली, यादीची यादी केली. चार प्रकारच्या वायरी, दोन राउटर, सोल्डरिंगचं सामान. पांघरूण आणि साबण बाबांनी आठवण करून दिली म्हणून. इन्सुलिनची सगळी पेनं बर्फाच्या पिशव्यांसकट थर्माकोलच्या डब्यात घातली आणि तो डबा ट्रंकेत ठेवला. बाबा म्हणाले, "माझ्या पिशवीत राहू दे." मी म्हटलं, "बाबा, या ट्रंकेइतकी सुरक्षित जागा अख्ख्या तमिळनाडूत नाही." दुर्दैवाने ते खरं होतं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मी आणखी एक शहाणपणा केला. कुणी माझा फोनच पळवला तर? मग ट्रंक उघडण्याआधी कुलपाने आमच्या घरच्या छोट्या कम्प्युटरला इंटरनेटवरून विचारायचं, उघडू का म्हणून, आणि त्याने हो म्हटलं तरच उघडायचं, अशी सोय केली. माझ्या हाताखालच्या अकरा जणांपैकी कुणी निघता निघता असा बदल केला असता, तर मी त्याला सोलून काढलं असतं.

सकाळी इन्सुलिन झालं, नाश्ता झाला, ट्रंक बंद झाली, गाडी आली. मी खाली सामान चढवत होते आणि बाबा वर घराला कुलूप लावत होते. दोन तासांनी आम्ही त्या बागेत उतरलो. तंबू उभा करायला मला सव्वा तास लागला. बाबा खुर्चीत बसून बघत होते आणि शहाळं नको म्हणत होते, कारण साखर. एक वाजला. जेवणाच्या मांडवातून सांबाराचा वास यायला लागला. "दे पेन," बाबा म्हणाले.

मी फोन ट्रंकेला लावला. कुलूप ढिम्म. पुन्हा लावला. इंटरनेट होतं, कुलूप विचारत होतं, पण घरचा कम्प्युटर उत्तर देत नव्हता.

"बाबा, निघताना तुम्ही घरातलं काही बंद केलंत?"

"मेन स्विच," बाबा म्हणाले. "गावाला जाताना मेन बंद करतातच. तुझी आईसुद्धा करायची. फ्रिज रिकामा करून दार उघडं ठेवलंय, मध्ये फडकं घातलंय."

रेल्वे कॉलनीतला हा नियम मी लहानपणापासून पाहत आले होते आणि नेमका तोच माझ्या यादीत नव्हता. मेन घरात, घराची किल्ली आमच्याकडे, जाऊन यायला चार तास, आणि माझा म्हातारा बाप इन्सुलिनवाचून उपाशी. मी हॅकर वगैरे काही नव्हते. मी एक मूर्ख मुलगी होते आणि मला रडू येत होतं.

कुलूपवाल्यांच्या तंबूतून एका मुलीला बोलावून आणलं. गळ्यात कुलपं उघडायच्या तारेच्या आकड्यांची माळ घालून फिरणारी, एकदम आत्मविश्वासाची. तिने ट्रंक उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "कीहोल एंगे?" भोक कुठे आहे? नाही म्हटल्यावर तिने कौतुकाने मान हलवली. "सूपर, अक्का. याला आमच्यापैकी कुणी काही करू शकणार नाही." इतकी वाईट शाबासकी मला आजवर मिळालेली नाही. कापायचं यंत्र कुणाकडे मिळतं का बघते म्हणून ती पळाली. मी गाडीवाल्याला फोन लावू लागले.

"ती हातोडी दे," बाबा म्हणाले.

तंबूच्या खुंट्या ठोकायची हातोडी मी दिली. ते ट्रंकेच्या मागे मांडी घालून बसले. शर्टाच्या खिशातून त्यांनी बोटभर लांबीची एक लोखंडी सळई काढली, बिजागरीच्या पिनेवर टेकवली आणि चार ठोके दिले. पिन खाली पडली. दुसऱ्या बिजागरीला तीनच लागले. मग त्यांनी झाकण मागच्या बाजूने उचललं, हात घालून डबा काढला, पेन घेतलं आणि पाठ फिरवून पोटात टोचून घेतलं.

मी ती सळई हातात घेतली. तो कारखान्यातला पंच होता, पिना ठोकून काढायचा. तो घरी त्यांच्या हत्यारांच्या डब्यात असतो.

"हा खिशात कसा?"

"बिजागऱ्या बाहेरून आहेत ते तू ट्रंक दाखवलीस त्याच दिवशी दिसलं होतं. म्हणून बरोबर घेतला."

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच. "माझ्या पोळ्यांपासून पगारापर्यंत सगळ्याला नावं ठेवता, आणि हे एवढं दिसलं तर गप्प बसलात?"

बाबांनी शर्ट नीट केला. "शाळेतून आल्यावर चित्र दाखवायचीस, तशी दाखवत होतीस," ते म्हणाले. "तेव्हा मी दर वेळी काहीतरी चूक काढायचो. मग तू दाखवायचीच बंद झालीस. चल, जेवण निवेल."

आम्ही जेवलो. त्यांनी सांबार पातळ असल्याचं सांगितलं.

संध्याकाळी कुलूप दाखवायची माझी पाळी होती. घरी विचारायची सोय मी काढून टाकली होती आणि पिना बाबांनी परत ठोकल्या होत्या. मी दाखवायलाच नको म्हणत होते, बाबांनी ऐकलं नाही. वीस-पंचवीस जण जमले, ती माळवाली मुलगी सगळ्यांत पुढे. फोन लावला, कुलूप उघडलं, टाळ्या पडल्या. बाबा सगळा वेळ ट्रंकेला मागून पाठ टेकून, पाय पसरून बसले होते. एकाने आदराने खुर्ची आणून दिली, पण ते उठले नाहीत. बिजागऱ्या कुणाला दिसायला नकोत म्हणून.