अंबूबाईंचा डावा हात

खामगावच्या नारायणराव डॉक्टरांच्या दवाखान्यात १९४० साली एक्स-रेचं यंत्र आलं, त्याच्या आदल्याच वर्षी अंबूबाई तिथे आया म्हणून लागल्या होत्या. मूळच्या वडनेर भोलजीच्या. नवरा हिंमतराव गावी भाजी पिकवायचा आणि बाजाराच्या दिवशी बैलगाडी घेऊन खामगावला यायचा. अंबूबाईंचा आवाज मोठा, हात भक्कम आणि पोरांची भारी हौस. त्यामुळे हात-पाय मोडलेलं पोर आलं की त्याला यंत्राखाली धरून ठेवायचं काम आपोआप त्यांच्याकडे आलं. पोर हललं की फोटो पुसट यायचा. अंबूबाई डाव्या हाताने मोडका अवयव टेबलावर दाबून धरायच्या, उजवा हात पोराच्या डोक्यावरून फिरवायच्या आणि यंत्र घरघरत असेपर्यंत बोलत राहायच्या.

दोन वर्षांनी त्यांच्या बोटांची कातडी लाल झाली, मग कोरडी पडून तडकू लागली. नखांवर उभ्या रेघा आल्या. भांड्यांच्या राखेने झालं असेल म्हणून त्यांनी खोबरेल लावून पाहिलं. डॉक्टरांच्या नजरेला ते पडलं तेव्हा ते गंभीर झाले. यंत्राचे किरण कातडीतल्या बारीक पेशींना इजा करतात, हे त्यांनी समजावून सांगितलं. एका परदेशी मासिकात त्यांनी वाचलं होतं, की क जीवनसत्त्वाच्या गोळ्या पेशींना आतून जपत असाव्यात. पक्कं कुणालाच ठाऊक नव्हतं. तरी त्यांनी मुंबईहून बाटली मागवली. लढाईमुळे दुसरी मिळेना, तेव्हा त्यांनी आवळे खायला सांगितले. हिंमतराव दर बाजाराला पाटीभर आवळे आणू लागला. बाई मिठाला लावून ते खात, पोरांनाही वाटत, आणि आता आपल्याला काही होत नाही अशा भरवशावर पोरं धरत.

चार महिने झाले. बोटं होती तशीच. एका दुपारी अंबूबाई डॉक्टरांसमोर उभ्या राहिल्या आणि दोन्ही पंजे टेबलावर ठेवले. उजवा स्वच्छ होता, डावा लाल.

"डॉक्टरसाहेब, आवळा पोटात गेला म्हंजे दोन्ही हाताले सारखाच पोचत असंन न?"

डॉक्टर हो म्हणाले.

"मंग डावाच काऊन जळून राह्यला? डावा यंत्राखाली असते, उजवा बाहीर. मले तं वाटते, खाऊन भागत नाही. हातच तिथं नाही पाह्यजे."

डॉक्टर दोन्ही पंजे उलटसुलट करून बघू लागले. मग हसले आणि म्हणाले, "अंबूबाई, हे मला सुचायला हवं होतं."

पण हात काढला तर पोर कोण धरणार? त्यावर बाईंनी आठ दिवस डोकं चालवलं. जाड मांजरपाटाच्या लांबट थैल्या शिवल्या. हिंमतरावने नदीची वाळू धुऊन, वाळवून आणली. थैल्या भरल्या, तोंडं दुहेरी टाक्यांनी बंद केली. मोडलेला भाग मोकळा ठेवून वर-खाली एकेक थैली टाकायची आणि जुन्या लुगड्याच्या पट्टीने सैल बांधायचं. डॉक्टरांनी यंत्राच्या खोलीच्या दाराला किरण अडवणारा शिशाचा पत्रा ठोकून घेतला आणि घरघर सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी दाराआड जायचं ठरवलं.

पहिली आली नांदुऱ्याची कोकिळा, सहा वर्षांची, गाडीवरून पडून कोपर सुजलेलं. तिची आजी रुखमाबाई तिच्याहून जास्त रडत होती. अंबूबाईंनी कोकिळेच्या हातावर थैल्या ठेवल्या आणि तिला सांगितलं, की एक मुंगी तुझ्या मनगटावरून घरी चालली आहे, तू हललीस तर ती वाट चुकेल. मग त्या दाराआड गेल्या आणि तिथूनच मुंगी कुठवर पोचली ते मोठ्याने सांगू लागल्या. कोकिळा श्वासही जपून घेत होती. फोटो असा आला की हाडातली केसाएवढी चीरही दिसली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत अंबूबाईंच्या बोटांवर नवी कातडी आली. दोन नखं वाकडी राहिली ती राहिलीच. डॉक्टर दर महिन्याला तो हात उजेडात धरून तपासत.

थैल्यांची गोष्ट अकोल्याच्या एका दवाखान्यापर्यंत गेली आणि तिथून बोलावणं आलं. अंबूबाई आयुष्यात पहिल्यांदा आगगाडीत बसल्या. हिंमतराव नवं धोतर नेसून, वाळूचं ओझं मांडीवर घेऊन शेजारी बसला होता. तिथे पांढऱ्या कपड्यांतल्या आठ नर्सा भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि दाखवायला पोर एकही नव्हतं. अंबूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं आणि बरोबर आलेल्या नारायणराव डॉक्टरांनाच टेबलावर निजायला सांगितलं. डॉक्टर मुकाट्याने निजले. बाईंनी त्यांचा कोट बाजूला ठेवला, दोन थैल्या टाकल्या, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "आता हलजा नका." यंत्र बंदच होतं, तरी डॉक्टर हलले नाहीत. हसू आवरताना त्यांचं पोट मात्र गदगदत होतं, आणि ते पाहून सगळ्या नर्सा हसायला लागल्या.