आपल्या हाताने घ्या

किस्से काही ठरवून गोळा होत नाहीत. उन्हाळ्यात चार लग्नं लागली की माठाच्या बुडाशी गाळ बसावा तसे आपोआप बसतात! आम्ही एकोडीच्या पाच बाया लग्नाबारशाला थंड सरबतांचं टेबल मांडतो. पन्हं, बेलाचं सरबत, मठ्ठा. तोटीचे तीन कॅम्पर, शेजारी ग्लास. शाळा मी बाहेरूनच पाहिली, पण टेबलावरची पाटी माझ्याच हातची: "आपल्या हाताने घ्या. कोणी वाढणार नाही."

हा नियम कुठून आला म्हणता? लहानपणी पाटलांच्या विहिरीवर आम्ही ओंजळ धरायचो आणि त्यांची नवी सून हातभर वरून पाणी ओतायची. अर्धं पोटात, अर्धं पोलक्यावर. तेव्हाच ठरवलं, माझ्या ताब्यात कधी पाणी आलं तर कोणी कोणाला वरून ओतणार नाही!

*

पहिलं टेबल साकोलीला. नवरदेवाचे मामा आले आणि हात मागे बांधून टेबलासमोर उभे. पंधरा मिनिटं! मग भडकले. "पाहुण्यांले कोनी विचारूनच नाही राहिलं! आमचा काही मान हाय का नाही?"

नवरीचा बाप धावत आला. "आजी, एक ग्लास देऊन टाका ना जी."

मी मामांना विचारलं, "भाऊ, जेवता कोणत्या हातानं?"

"ह्या."

"मग तोच लावा तोटीले. मान तिथूनच येते!"

मामा सात ग्लास प्यायले.

*

लाखांदूरच्या एका वाढदिवसाला एक साहेब आले. त्यांना सगळंच चाखायचं होतं. एकाच ग्लासात पन्हं, त्यावर मठ्ठा, त्यावर बेल! पहिल्या घोटालाच डोळे पांढरे.

"आजी, हे काय केलं तुमी?"

"मी? पाटी वाचा साहेब. आपल्या हातानं केलं तुमी!"

*

माझी जाऊ शेवंता सगळ्यांत कठीण. जन्मभर पंक्ती वाढलेली बाई, तिला बसवतच नाही. माझी नजर चुकवून ग्लास भरते अन् लोकांच्या हातात देते! एकदा मी तिला खुर्चीवरून उठवून पाहुण्यांच्या रांगेतच उभी केली. लाजत लाजत तिनं तोटी फिरवली, प्यायली.

"आपल्या हातानं घेतलेलं लय गोड लागते व माय!"

"लागणारच. साखर तूच टाकली, दोनदा."

*

यंदा पाटलांच्या घरचं बोलावणं आलं, नातीच्या लग्नाचं. हो, त्याच पाटलांच्या! ओतणारी ती सून आता घरातली सगळ्यांत म्हातारी. मांडवात तिचा मुलगा मला म्हणाला, "आजी, घरच्या लोकायसाठी एक कॅम्पर अलग ठेवा ना जी. आमच्या मायले चालत नाही."

शेवंता माझा पदर ओढून राहिली. "ठेव ना व! नाही तर गावात कोनी बोलावणार नाही आपल्याले."

"टेबल एकच लागेल," मी म्हटलं. "नाही तर हे चाललो आम्ही, बर्फासकट!"

बाहेर ऊन असं, की कावळाही बोलेना. बर्फ वितळायच्या आत मुलानं मान डोलावली. पण मायच्या खुर्चीशी पाण्याची एक सीलबंद बाटली आणून ठेवली ती ठेवलीच.

लग्न लागलं. टेबलाशी झुंबड उडाली. माझा घसा सुकला म्हणून मीही मठ्ठा घेतला, अर्धा प्यायले, ग्लास टेबलावर ठेवला. पाहते तर म्हातारी काठी टेकत समोर उभी. बाटली तिकडे खुर्चीशीच. मला तिनं ओळखलं की नाही, देव जाणे. मी काही वाढायला पुढे झाले नाही. पाटीकडे बोट केलं.

तिनं पाटी पाहिली. मग हात लांबवला, तो थेट माझ्या ग्लासाकडे!

"माय, ते तिचं उष्टं हाय!" मुलगा ओरडला.

सगळा मांडव वळून पाहू लागला. म्हातारीनं ग्लास उचलला, ओठाला लावला, तळापर्यंत प्यायली. रिकामा ग्लास माझ्या हातात दिला.

"मीठ कमी पडलं व," म्हणाली.