सदऱ्याची डावी बाही

मी हायस्कुलात विज्ञान शिकवून रिटायर झालेला माणूस. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की सगळ्यांत आधी हसणारा मीच. त्यामुळे हे लिहायला मला पन्नास वर्षं लागली... एका बोटाने टाईप करतोय, चुका पदरात घ्या.

बहात्तरचा दुष्काळ पडला, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. मी देवळाली प्रवरात तरुण मास्तर होतो, लग्न व्हायचं होतं. थोरली बहीण, अक्का, माझ्याकडेच राहायची. तिचं सासर श्रीगोंद्याकडे. तिथे नवरा गेला आणि त्यापाठोपाठ एकुलता एक बबन, सहा वर्षांचा, पाटात बुडाला. तेव्हापासून अक्काला फिट यायला लागली. आळीत म्हणायचे, वारं येतं. फिटच्या आधी दोन-तीन मिनिटं ती एकटक बघत राहायची आणि चेहरा असा काही खुलायचा की... शुद्धीवर आली की म्हणायची, "आला हुता. लई उंच झालाय रं."

म्हणजे बबन तिच्यासाठी वाढत होता. आमच्याकडे आखितीला, अक्षय्य तृतीयेला, गेलेल्यांच्या नावाने घागर भरून कुणाला तरी जेवू घालतात. अक्का त्या दिवशी एक पोर जेवायला बोलवायची आणि त्याला नवा सदरा द्यायची. पण माप त्या पोराचं नसायचं, तिला दिसलेल्या बबनचं असायचं. शिंप्याला स्वतःच्या अंगावर हात ठेवून दाखवायची — औंदा इथपर्यंत आलाय. मग त्या मापाचं पोर शोधत फिरायची. अशी सात वर्षं झाली.

मला हे बघवायचं नाही. मी तिला नगरला डॉक्टरांकडे नेलं. फिट किती मिनिटं टिकते ते घड्याळ लावून वहीत लिहिलं होतं, ती वही दाखवली. डॉक्टर भले होते. म्हणाले, "मास्तर, मेंदूच्या एका भागात गडबड होते. मुलगा दिसतो तो तिथूनच. गोळ्या चुकवू नका." मला फार बरं वाटलं, अगदी आपणच रोग शोधून काढल्यासारखं.

गोळ्या लागू पडल्या. फिट थांबली. बबनही यायचा थांबला.

आखितीच्या पंधरा दिवस आधी अक्का कापड शिंप्याकडे टाकून आली. माप नंतर सांगते म्हणाली त्याला. घरी येऊन माझ्यापाशी बसली.

"आप्पा, आठच दिस गोळी बंद ठिवू का? माप तेवढं घेते."

"आणि चुलीपाशी असताना फिट आली म्हणजे?"

तिने चुलीकडे पाहिलं. मग म्हणाली, "डाक्तरनं न्हेलं का तू न्हेलंस, मला कळंना. पर माजं पोरगं दुसऱ्यांदा गेलं."

संध्याकाळची गोळी माझ्या हाताने दिली आणि तिने ती मुकाट्याने गिळली. त्या गोळीचं मला आजही वाईट वाटतं.

आखितीच्या आदल्या दिवशी मीच शिंप्याकडे निघालो. म्हटलं, आठवीतल्या पोराचं अंदाजाने माप सांगून टाकू. शिंपी नवा होता, दुष्काळामुळे गेवराईकडून आलेला. बाजारतळाजवळ एका ओट्यावर मशीन टाकून बसायचा. आमच्या घरचं त्याला काही माहीत नव्हतं.

"मास्तर, सदरा झाला की," तो म्हणाला. "पोरगं परवा माप दिऊन गेलं."

"कुठलं पोरगं?"

"अक्काचं. आईनं धाडलंय म्हनलं. भर दुपारी आल्तं. डावा हात आखूड हाय न्हवं त्याचा? म्हनून तेवढी बाही बोटभर कमी ठिवली."

बबन चार वर्षांचा असताना बैलगाडीवरून पडला होता. डावं कोपर मोडलं, हाड नीट बसलं नाही, हात आखूड राहिला. देवळालीत हे आम्हा दोघांशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. अक्का कधी बोललीही नव्हती, कारण सदरा शेवटी दुसऱ्याच पोराच्या अंगावर जायचा, बाह्या सारख्याच लागायच्या.

कुणी चेष्टा केली असेल म्हणून मी पुढे कितीतरी चौकशी केली. तसा हात असलेलं पोर आसपास कुठेच सापडलं नाही. अक्काचा मेंदू म्हणावं, तर तो गोळीने शांत होता. शिंप्याला तर कधी फिट आली नव्हती.

सदरा घेऊन घरी आलो. सांगितलं तर ही गोळ्या फेकून देईल, एवढंच डोक्यात होतं. अक्काने सदरा मांडीवर पसरला. हात फिरवता फिरवता डाव्या बाहीवर थांबली. माझ्याकडे न बघता विचारलं, "माप कोनी दिलं?"

"मीच. अंदाजाने," मी म्हणालो. "बाही शिंप्याकडून चुकली."

"चुकली व्हय."

त्याच भादव्यात अक्का तापाने गेली. शिंपी पाऊस पडल्यावर आपल्या गावाकडे निघून गेला. त्याच्याकडे कोण आलं होतं, मला आजही सांगता येत नाही. कुणी मेंदू म्हणेल, कुणी आत्मा म्हणेल... मी आता कुणाशी वाद घालत नाही.

सदरा घरी आणला त्या दिवशी मात्र अक्काने सुईदोरा काढला. जेवायला येणाऱ्या पोराला वेडंवाकडं दिसू नये म्हणून डाव्या बाहीची दुमड उसवली, ती उजवीएवढी लांब केली आणि पुन्हा टाके घातले. मी समोरच बसलो होतो. तिचा शेवटचा टाका होईपर्यंत मला वेळ होता, आणि मी तोंड उघडलं नाही.