भाऊजी मेंढी निवडतात

उद्या प्रत्यक्ष यम दारात येऊन उभा राहिला, तरी आमचे भाऊजी आधी त्याच्या रेड्याचे दात मोजतील, शेपूट उचलून पाहतील, चार पावलं चालवून बघतील आणि म्हणतील, "हा नाही जमनार. दुसरा आन." यम कंटाळून परत जाईल. भाऊजी शंभर वर्षं जगणार याबद्दल मला शंका नाही. शंका आहे ती त्यांच्याबरोबर राहणाऱ्यांबद्दल. हा माणूस माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा, नवरा. फैजपूरजवळच्या एका खेड्यात त्यांची जेमतेम शेती, थोडी केळी, थोडा कापूस; आणि मी त्यांचा जळगावात नोकरी करणारा एकुलता एक मेहुणा. मेहुण्यानं बहिणीच्या नवऱ्यावर रागावू नये असा रिवाज आहे. मी तो पाळत नाही. पुढं माझा आवाज चढला तर चालवून घ्या.

निवडणं हा त्यांचा धंदा, छंद आणि आजार आहे. भरताची वांगी घ्यायची म्हटलं की बाजारात एकेक वांगं कानाशी नेऊन बोटानं वाजवतात, उन्हात धरतात, देठ हुंगतात. हिरवी, टपोरी वांगी समोर ढिगानं पडलेली असतात आणि हे त्या ढिगाच्या तळाशी हात घालून बसतात. एकदा विकणारी बाई वैतागून म्हणाली, "आबा, भरीत करनं हाये का पोरीले नवरा पाहनं हाये?" भाऊजी शांतपणे म्हणाले, "नवरा बिघडला तं पोरगी निभावून नेते. भरीत बिघडलं तं काय करशीन?" आणि रिकामी पिशवी घेऊन पुढच्या पाटीकडे सरकले. त्या दिवशी घरात पिठलं झालं. चपला घ्यायला म्हणून जळगावला आले ते माझ्याकडे तीन दिवस राहिले आणि जुन्याच चपलांना टाके घालून परत गेले. घराला रंग द्यायचा म्हणून समोरच्या भिंतीवर पाच रंगांचे पट्टे ओढून पाहिले, त्यालाही आता कितीतरी दिवाळ्या झाल्या. पट्टे तसेच आहेत. येणारा-जाणारा विचारतो, ही कुठल्या पक्षाची जाहिरात?

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण दोन वर्षांपूर्वी अक्का गोठ्यात पडली. सकाळी धार काढायला गेली ती बराच वेळ आली नाही, म्हणून भाऊजी बघायला गेले, तर ती म्हशीच्या पायांशी पडलेली आणि उजवं मनगट भलतीकडेच वळलेलं. मनगटात प्लेट घालावी लागली. ती जळगावला दवाखान्यात असताना इकडे भाऊजींनी म्हैस विकूनसुद्धा टाकली. तीच म्हैस, जी त्यांनी चार महिने बाजार पालथे घालून आणली होती. अक्का घरी आली तेव्हा गोठ्यात नुसती दावण. "तुह्या हातानं आता म्हैस पिळवनार नाही," भाऊजी तिला म्हणाले, "तुले हलकं जनावर आनतो. दुधाची मेंढी." शेळी का नाही, असं विचारायची सोय नव्हती. फार पूर्वी शेजाऱ्याच्या शेळ्यांनी त्यांची केळीची कोवळी रोपं एका दुपारात शेंड्यापासून संपवली होती, तेव्हापासून समस्त शेळीजातीशी त्यांचं उभं वैर आहे. मेंढी खाली मान घालून चरते, दूध दाट देते, आणि उंचीला अशी की अक्कानं पाटावर बसून धार काढावी. विचार चांगला होता, एवढं मी रागातसुद्धा कबूल करतो. फक्त एकच काम राहिलं होतं, जात ठरवायचं.

दख्खनी मेंढी पाहिली. काटक, आपल्या उन्हातली, पण "दूध कोकराच्या ओठापुरतं" म्हणून नापास. माडग्याळ मेंढी पाहायला आम्ही एसटीत हाडं खिळखिळी करून घेत पार सांगलीकडे गेलो. उंचीपुरी, देखणी मेंढी. भाऊजी तिच्यासमोर उकिडवे बसले, दहा मिनिटं टक लावून बघत राहिले आणि म्हणाले, "नाक पाह्य तिचं. आमच्या थोरल्या काकासारखं. रोज सकायी पाहवनार नाही." गुजरातकडची पाटणवाडी दुधाला चांगली, असं जो तो सांगत होता. म्हणजे ती नापास होणार हे मला माहीत होतं, फक्त कारण कळायचं होतं. कारण असं निघालं, की ती गुजरातीत हाका ऐकून वाढलेली, आणि "तुही अक्का तिच्याशी बोलीन ते तिले काय कयीन?" मग मोबाइलवर जर्मनीची एक पांढरीशुभ्र मेंढी सापडली, चांगली भांडंभर दूध देणारी. भाऊजींनी गुरांच्या डॉक्टरांना रस्त्यात गाठून विचारलं, "साहेब, हिले वैशाखात कूलर लावला तं?" डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "भाऊ, आधी मला लावा."

धुळ्याच्या बाजारात तर कहर झाला. भाऊजी प्रत्येक मेंढीच्या मागं वाकून कास चाचपायला जात होते, मेंढ्या पुढं पळत होत्या आणि मी त्यांच्या मालकांची माफी मागत मागून चाललो होतो. शेवटी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला दया आली. तो म्हणाला, "भाऊ, दूधनी मेंढी बजारमा येसच नई. ज्याना घर शे तो इकस नई. आठे येस ती खाटिकना घर जास." म्हणजे दुधाची मेंढी ज्याच्या घरी असते तो विकत नाही, बाजारात येते ती खाटकाकडे जाणारी. इतकं सरळ उत्तर मिळाल्यावर शहाणा माणूस घरी जातो. भाऊजींनी त्यालाच विचारलं, "मंग त्यातली बरी कोनती?" मी भर बाजारात कपाळावर हात मारून घेतला. परतीच्या बसमध्ये त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. ते खिडकीतून रस्त्याकडेची मेंढरं निरखत होते.

आणि तिकडे अक्का रिकामा गोठा झाडत होती. रोज सकाळी. दावण धुवायची, कोपऱ्यातली जळमटं काढायची, पाणी शिंपडायचं. जिच्या दारात जन्मभर जनावर नाही असा दिवस गेला नाही, ती बाई दुकानातून दुधाची पिशवी पदराखाली झाकून आणू लागली. एकदा मी गावात शिरताना तिच्याजवळ मोटारसायकल थांबवली, तर तिनं पिशवी पाठीमागं धरली. माझ्यापासून! सख्ख्या भावापासून! "तुह्या भाऊजींचं ठरतच आलं हाये," ती माझ्याकडे न बघता म्हणाली.  घरी जाऊन त्या गृहस्थाला गदागदा हलवावं असं मला वाटत होतं.

यंदा कापूस निघाल्यावर नेहमीप्रमाणे साक्रीकडचा मेंढपाळ आपला कळप घेऊन भाऊजींच्या शेतात आला. कळप तीन दिवस शेतात बसवायचा, जमिनीला लेंडीखत मिळतं, त्याबद्दल मेंढपाळाला धान्य द्यायचं, असा दोघांचा जुना व्यवहार. आता तुम्हीच विचार करा. दरसाल शेदोनशे मेंढ्या ह्यांच्या बांधाच्या आत येऊन बसतात आणि हा माणूस सांगलीपासून जर्मनीपर्यंत मेंढी शोधतो! मेंढपाळाची बायको रोज अक्काला वाटीभर दूध आणून देई आणि भाकरी घेऊन जाई. निघायच्या दिवशी मी तिथंच मुक्कामाला होतो; सकाळी ती एक मेंढी ओढत घेऊन आली, मागं कोकरू. मेंढीचा एक पाय खुराशी पिकला होता, पुढची वाट तिला झेपणार नव्हती. "अर्धलीवर ठेवी ले वं बहिन," ती म्हणाली. म्हणजे जनावर त्यांचं, सांभाळायचं अक्कानं, दूध अक्काचं आणि पुढं होतील ती कोकरं निम्मी निम्मी. बाजारात न मिळणारी दुधाची मेंढी लंगडत का होईना, आपण होऊन दारात आली होती. अक्कानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथंच राहिला.

तेवढ्यात भाऊजी आले. त्यांनी मेंढीभोवती एक फेरी मारली. "जात कोनती?" त्यांनी विचारलं. "जात? आमनी शे," ती बाई म्हणाली. भाऊजींनी पाय पाहिला, फाटका कान पाहिला, कास पाहिली, एक सड जरा आखूड निघाला. "नाही जमनार," ते म्हणाले. बाईनं दोरी उचलली आणि मेंढी घेऊन गेली. थोड्या वेळानं सगळा कळप यावलच्या रस्त्याला लागला.  अक्का गोठ्यात गेली आणि सकाळी झाडलेला गोठा पुन्हा झाडू लागली.

मग मात्र माझा ताबा सुटला. "भाऊजी, तुम्हाला मेंढी नकोच आहे! तुम्हाला नुसतं निवडत बसायचंय! आत बघा, दोन वर्षं ती काय झाडतेय? तुमचं कर्तृत्व झाडतेय!" आणखीही बरंच बोललो, ते लिहिण्यासारखं नाही. शेजारच्या ओट्यावरची माणसं उभी राहून ऐकत होती. भाऊजी एरवी आवाज चढवत नाहीत, त्या दिवशी चढला. "तुले काय कयतं रे, जयगावकर? ती म्हैस कोनी निवडली होती? म्या! चार महिने हिंडून म्या! तिचे डोये पाहले, चाल पाहली, गरीब हाये म्हून आनली. आन् तिनंच हिले पाडलं. आता कोन्या तोंडानं सांगू का ही चांगली हाये, बस हिच्याखाली?"  

गोठ्यातला झाडू थांबला. अक्का दारात आली. "म्हशीनं नाही पाडलं मले," ती म्हणाली. "मी शेनावरून घसरले. ती तं बिचारी पाय उचलून उभी होती, मले लागू नाही म्हून."

"मंग सांगितलं का नाही?" भाऊजी ओरडलेच.

"कवा सांगू? मी दवाखान्यात, आन् तुमी म्हैस इकून मोकये. घरी आले तं तुमी सांगू राह्यले का तुह्याचसाठी इकली. मंग काय बोलू?"

आयुष्यात हा माणूस एकदाच घाईनं वागला, तेही बायकोच्या काळजीपोटी, आणि नेमकं तेवढंच चुकलं. भाऊजी तसेच बाहेर निघून गेले. रुसून गेले असतील असं मला वाटलं. मीही तापलेलाच होतो, मागं गेलो नाही. ऊन कलल्यावर ते यावलच्या रस्त्यानं परत येताना दिसले. कोकरू छातीशी धरलेलं आणि शेजारी ती लंगडी मेंढी. तिच्या चालीनं चालत होते. ती थांबली की थांबत होते.

अक्कानं पाट मांडला आणि डावा हात पुढं केला. भाऊजी समोर उकिडवे बसले आणि त्यांनी मेंढीचं डोकं दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "लाथ मारली तं?" त्यांनी विचारलं. "मारू द्या," अक्का म्हणाली. "दारात जनावर असलं म्हंजे कधी तं लागनारच." वाटीच्या तळाशी धार वाजली. अक्काचा चेहरा मला मागून दिसत नव्हता, पण भाऊजींचा दिसत होता, आणि मी तिथून बाजूला झालो.

याला आता दोन महिने होत आले. डॉक्टरांच्या औषधानं पाय बरा झाला. दूध निघतं जेमतेम पेलाभर. माझा राग गेलाय असं समजू नका. पाठीमागं धरलेली ती पिशवी आठवली की अजून माझं डोकं फिरतं, आणि त्या म्हशीचं तर फारच वाईट वाटतं. ती कुठल्या गावी कोणाच्या दावणीला आहे, हे कुणालाच ठाऊक नाही. पण सकाळी लवकर पोहोचलो की मी आधी गोठ्यात डोकावतो. अक्का पाटावर बसलेली असते आणि भाऊजी समोर मेंढीचं डोकं धरून. मेंढी अगदी गरीब आहे, जागची हलतसुद्धा नाही. मागच्या खेपेला मी म्हटलं, "भाऊजी, सोडा आता, नाही मारत ती." त्यांनी मान डोलावली, पण हात काही सोडले नाहीत.